बुधवारी पाच वाजता तिथे काय बोलतात?

प्रश्न : लग्न होऊन बडोद्याला आले त्याला एक्कावन्न वर्षं झाली. त्यातली बहुतेक दांडिया बाजारातल्या वाड्यात गेली, आता मुलासुनेबरोबर गोत्रीला फ्लॅटमध्ये राहते. नातू पंधरा वर्षांचा आहे. दरवर्षी उत्तरायणाच्या आधी पंधरा दिवस दोरी रंगवून आणायला आमच्या मागे लागणारा हा मुलगा यंदा अगाशीवर आलाच नाही. खोलीत पडून राहिला. पुढे शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखायला लागलं. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शेवटी सूनबाईनं अलकापुरीतल्या एका काउन्सेलर बेनकडे नेलं. दर बुधवारी पाच वाजता जातो, पाऊण तास बसतो, परत येतो. गोळी नाही की इंजेक्शन नाही. चार महिने झाले. आता जेवतो, शाळेत जातो, परवा जेवताना हसलासुद्धा. मला आनंदच आहे. पण खरं सांगते, कळत नाही. तिथे बोलतात तरी काय? बोलायला घरात आम्ही माणसं आहोत. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवला, मग तो माझ्याशी का नाही बोलला? आणि नुसत्या बोलण्यानं जाणारं दुखणं खरं तरी होतं का? त्याचे बाबा अजून म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. वय झालं तरी कुतूहल जात नाही, म्हणून विचारते.
— एक आजी, बडोदे

उत्तर : आजी, तुमचा दुखण्याबद्दलचा प्रश्न आधी घेते. तो मनात तसाच राहिला तर एखाद्या दिवशी नकळत नातवासमोर तोंडून निघेल आणि त्याच्या फार जिव्हारी लागेल. दुखणं खरं होतं. सोनोग्राफीत दिसलं नाही, कारण सोनोग्राफी पोटातले अवयव दाखवते, भीती दाखवत नाही. आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. भीतीनं पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं. यातला एकही शब्द अलंकार म्हणून जन्माला आलेला नाही, ही शरीरात घडणाऱ्या गोष्टींची सरळ वर्णनं आहेत. धोका वाटला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं, पोटाचे स्नायू आखडतात. वाघ समोर असेल तर हे सगळं उपयोगाचं. पण समोर गणिताचा तास असेल, किंवा मधल्या सुट्टीत टिंगल करणारी चार मुलं असतील, तर पळायला जागा नसते आणि पोट मात्र दुखत राहतं.

आता पुढचा भाग बघा, थेरपीचं मर्म त्यात आहे. सकाळी सात वाजता पोट दुखलं, तुम्ही म्हणालात, राहू दे आज, कशाला पाठवता पोराला. अकरा वाजता दुखणं थांबलं. सगळ्यांना वाटलं, म्हणजे नाटकच होतं की. नाटक नव्हतं. ज्याची भीती होती ते टळलं, म्हणून दुखणं थांबलं. पण त्या अकराच्या सुटकेनं मेंदूला एक धडा शिकवला : शाळा धोक्याची, घर सुरक्षित. दुसऱ्या दिवशी भीती थोडी मोठी होऊन आली. प्रेमानं दिलेली प्रत्येक सुट्टी तिला खाऊ घालत होती. यात तुमचा दोष नाही. कोणतीही आजी हेच करेल, मीही हेच केलं असतं.

काउन्सेलर बेननी तिथे नेमकं काय केलं हे मला माहीत नाही आणि माहीत असूही नये. पण शाळेची भीती घेऊन आलेल्या मुलाबरोबर साधारण काय करतात ते सांगते. आधी त्याच्याबरोबर बसून भीतीची शिडी बनवतात. सगळ्यात खालच्या पायरीवर कमी भीतीची गोष्ट, वर सगळ्यात जास्त भीतीची, आणि प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. गुण मुलानं द्यायचे. गणवेश घालून दारापर्यंत जाणं, दोन गुण. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणं, चार. एक तास बसणं, सहा. वर्गात हात वर करून प्रश्न विचारणं, नऊ. मग खालून सुरुवात. पायरीवर उभं राहायचं, भीती येऊ द्यायची, आणि ती आपोआप उतरेपर्यंत पळायचं नाही. भीती चढते तशी उतरतेही, हे कुणी सांगून कळत नाही, अंगानं अनुभवावं लागतं. ते एकदा अनुभवलं की मेंदू जुना धडा पुसून नवा लिहायला लागतो. मधल्या सहा दिवसांचा गृहपाठ असतो आणि पुढच्या बुधवारी त्याचा हिशोब.

म्हणजे आजी, तिथे ‘नुसतं बोलत’ नाहीत. बोलणं हे तिथलं अवजार आहे, काम वेगळंच चाललेलं असतं. तुम्ही दांडिया बाजारात राहिलात, म्हणून तुम्हाला जुम्मादादा व्यायाम मंदिराचं उदाहरण देते. राजरत्न प्रो. माणिकरावांच्या त्या आखाड्यात लोक नुसते जोर-बैठकांसाठी जात नसत. मुरगळलेले पाय, निखळलेले सांधे घेऊनही जात. तिथला जाणता हात सांधा कुठे अडला आहे ते चाचपतो, थोडं दुखवतोही, मग रोज काय हालचाल करायची ते शिकवून घरी धाडतो. पाय बरा होतो तो त्या पाऊण तासात होत नाही, घरी रोज केलेल्या हालचालीनं होतो. पण कुठली हालचाल करायची आणि किती दुखेपर्यंत, हे आपल्या आपण कळत नाही. चुलीजवळ बसलेल्या मायेच्या माणसाला तर मुळीच कळत नाही, कारण दुखायला लागलं की माया लगेच ‘थांब’ म्हणते.

यानं गुण येतो याला मोजमापाचा आधार आहे. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या, चिंतेच्या आजारानं त्रासलेल्या ४८८ मुलामुलींचे चार गट करून बारा आठवडे उपचार केले गेले. त्याचे निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना दिखाऊ गोळी दिली त्यांच्यातली सुमारे २४ टक्के मुलं स्पष्टपणे सुधारली. खऱ्या औषधावर ५५ टक्के, मी वर सांगितली त्या प्रकारच्या थेरपीवर ६० टक्के, आणि दोन्ही मिळून ८१ टक्के. तुमच्या नातवाच्या बाबतीत औषधाशिवाय निभावलं. सगळ्यांच्या बाबतीत निभावेल असं नाही. त्याकडे मागाहून येते.

आता तो प्रश्न, जो तुम्ही मधे दडवून विचारलात आणि ज्याचं तुम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं आहे. माझ्याशी का नाही बोलला?

तुमच्यावर त्याचं प्रेम आहे म्हणून. पंधरा वर्षांचं मूल बोलायच्या आधी ऐकणाऱ्याचा चेहरा वाचतं. ‘मला जगण्यात काही मजा वाटत नाही’ हे वाक्य आजीला सांगितलं तर आजी रात्रभर झोपणार नाही, देवासमोर निरांजन लावून बसेल, आईला सांगेल, आई रडेल, बाबा ओरडतील. एका वाक्याची एवढी किंमत घरच्यांनी मोजावी हे त्याला नको असतं. म्हणून तो ‘काही नाही, पोट दुखतंय’ म्हणतो. पोटदुखीला ओवा आहे, हिंग आहे, डॉक्टर आहे. घर त्यानं मोडत नाही. तुमच्या नातवानं कदाचित कितीतरी महिने तुम्हाला जपलं.

काउन्सेलरला मात्र जपावं लागत नाही. तिची झोप त्याच्या वाक्यावर टांगलेली नसते. तिला कितीही भयंकर सांगितलं तरी तिचा चेहरा फुटत नाही. आणि ती तीन गोष्टी टाळते, ज्या आपण घरची माणसं दोन मिनिटांच्या आत करतो : लगेच उपाय सुचवत नाही, दुसऱ्या कुणाशी तुलना करत नाही, आणि ‘एवढंच ना!’ असं म्हणत नाही. हे मन कोरडं असल्यामुळे होत नाही. वर्षानुवर्षं शिकून, कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करून येणारी ही सवय आहे.

बडोद्यातल्या मराठी मुलांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तुमचा नातू घरी मराठी बोलतो, मित्रांशी गुजराती, शाळेत इंग्रजी. तीनही भाषा त्याला येतात. पण मनातल्या वाईट वाटण्यासाठी तिन्हींत मिळून त्याच्याजवळ एकच शब्द असतो : टेन्शन. परीक्षेची भीती म्हणजे टेन्शन, मित्रानं ग्रुपमधून काढलं तो अपमान म्हणजे टेन्शन, बाबांचा राग, स्वतःच्या शरीराची लाज, रात्री उगाच येणारं रडू, सगळं टेन्शन. सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात, कुठली कुठल्या कुलपाची ते कळत नाही. पहिल्या काही भेटींत चांगली काउन्सेलर हे जुडगं सोडवत बसते. हे टेन्शन म्हणजे भीती आहे का? राग? लाज? कुणावर? कधीपासून? शरीरात कुठे जाणवतं? ज्या दिवशी मूल म्हणतं, ‘मला भीती नाही वाटत, मला लाज वाटते’, त्या दिवशी अर्धं काम झालेलं असतं, कारण लाजेवरचा उपाय भीतीवरच्या उपायापेक्षा वेगळा आहे. यासाठी ज्या भाषेत मुलाला रडू येतं त्या भाषेत बोलणारं माणूस मिळालं तर फार बरं. ती भाषा मराठीच असेल असं धरून चालू नका. बडोद्यात जन्मलेल्या मुलाची ती गुजराती असू शकते. आपण मराठी माणसांनी त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

नाव सापडलं की विचारांकडे वळतात. मराठी वाचकांना हे नवं नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आयुष्यभर मराठीतून समजावून सांगितली. तिचं मूळ सूत्र साधं आहे : घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, घटनेबद्दलचा आपला ठाम समज करतो. चाचणीत कमी गुण मिळाले ही घटना. ‘कमी गुण मिळाले म्हणजे मी कुचकामी आहे’ हा समज. दोन्हींच्या मधे एक फट आहे, ती मोठ्यांनाही दिसत नाही, मग पंधराव्या वर्षी कशी दिसणार? तिथे मुलाला ‘असा विचार करू नकोस’ असं सांगत नाहीत. तुझ्या या समजाला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, तुझ्या जागी तुझा मित्र असता तर त्याला काय म्हणाला असतास, असे प्रश्न विचारतात. उत्तर त्याला स्वतःलाच शोधावं लागतं. आपण दिलेलं उत्तर तो एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देतो. स्वतः शोधलेलं टिकतं.

आणि काही वेळा समज चुकीचा नसतोच, अडचणच खरी असते. शाळेत कुणी छळत असतं, घरात भांडणं असतात, ट्यूशनमुळे झोपायला वेळच नसतो. तेव्हा विचार दुरुस्त करत बसणं हा अन्याय ठरेल. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेच्या अभ्यासकांनी यासाठी दिल्लीच्या सरकारी शाळांत एक साधी रीत वापरून पाहिली : अडचण नेमकी मांड, पर्याय लिहून काढ, एक निवडून करून बघ. शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी तरुण माणसं होती. तीन आठवड्यांत चार-पाच भेटी. २५१ विद्यार्थ्यांच्या त्या अभ्यासात, नुसती पुस्तिका हातात मिळालेल्या मुलांपेक्षा भेटी मिळालेल्या मुलांना आपल्या अडचणी जास्त हलक्या झाल्याचं जाणवलं. आजाराची लक्षणं मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली. मला हा निकाल आवडतो, कारण तो दोन्ही गोष्टी सांगतो. थोडी, नीट दिलेली मदतही उपयोगाची असते, आणि खोल गेलेल्या आजाराला तेवढी पुरत नाही.

आता त्याच्या बाबांचं वाक्य. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

थेरपी तेव्हाही होती. १८९६ मध्ये फिलाडेल्फियात लाइटनर विटमर यांनी जगातलं पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय काढलं. त्यांच्याकडे आलेला पहिला रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा होता. बुद्धी चांगली, पण शब्द लिहिताना सारख्या चुका, म्हणून त्याच्या शिक्षिकेनं त्याला आणलं होतं. तपासल्यावर डोळ्यांतही दोष निघाला. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच शाळेत अडलेल्या एका किशोरापासून झाली. आपल्याकडे मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात, ज्याला आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतात, १९३७ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र निघालं. आणि बडोद्याबद्दल तर आणखी जपून बोलायला हवं. मुलांच्या बाबतीत हे शहर कधीच मागे नव्हतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, गृहविज्ञान विद्याशाखेत मुलांची वाढ हा अभ्यासाचा विषय झाला. मूल शाळेपर्यंत पोचलं पाहिजे याची जबाबदारी या गावानं शंभर वर्षांपूर्वी उचलली. आज शाळेच्या फाटकापर्यंत पोचून आत पाऊल टाकू न शकणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. तोही त्याच जबाबदारीतला आहे.

पण बाबांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मला नाकारायची नाही. वाड्यात आईबाप सोडून आणखी चार मोठी माणसं असायची. बाबा चिडले तर मूल काकूच्या खोलीत जायचं. ओट्यावर बसलेले शेजारचे नाना काही न विचारता शेजारी बसू द्यायचे. जपावं लागणार नाही असं एखादं माणूस जिन्यावरच भेटायचं. फ्लॅटच्या बंद दारामागे ते माणूस राहिलं नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच वाड्यांतून ‘तिच्या डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून माडीवर ठेवलेल्या मुली होत्या. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी पोरांवर नजर ठेवायला मोठी माणसं घरी थांबायची. वर्षानुवर्षं न बोलणारे काका होते, ज्यांना लहानपणी कुणी विचारलंच नाही. असलं काही नव्हतं असं नाही. त्याला नाव नव्हतं.

आता नाव आहे आणि मोजणीही आहे. ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलामुलींत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच. तुमचा नातू ज्या वर्गात बसतो तिथे बहुधा आणखी तीन-चार जण असेच पोट धरून बसलेले आहेत. आणि मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे अठराव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात, म्हणून या वयात मिळालेली मदत पुढची कितीतरी वर्षं वाचवते. बाबांना एवढं सांगून बघा.

थेरपी म्हणजे रामबाण उपाय असं मात्र मी लिहिणार नाही. पन्नास वर्षांतले ४४७ प्रयोग, तीस हजारांवर मुलं, असा सगळा हिशोब २०१७ मध्ये एकत्र मांडला गेला. त्याचं सार असं : थेरपी मिळालेलं एक मूल आणि न मिळालेलं एक मूल अशी जोडी घेतली तर शंभरातल्या ६३ जोड्यांत थेरपी मिळालेलं मूल जास्त बरं असतं. काहीच फरक नसता तर हा आकडा पन्नास आला असता. फायदा चिंतेच्या आजारात सर्वांत जास्त, नैराश्यात सर्वांत कमी. नैराश्यात कधी कधी वेळही लागतो. अमेरिकेतच ४३९ किशोरवयीनांवर झालेल्या एका अभ्यासात बारा आठवड्यांनंतर नुसत्या थेरपीवर सुधारलेली मुलं ४३ टक्के होती, औषधावर ६१ आणि दोन्ही मिळून ७१. छत्तीस आठवड्यांनी पाहिलं तेव्हा थेरपीचा गट ८१ टक्क्यांवर पोचला होता, औषधाच्या बरोबरीनं. म्हणून दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर थेरपी सोडू नका. पण मूल जेवतच नसेल, झोपतच नसेल, जिवाबद्दल बोलत असेल, किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर थांबूही नका, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरकडे जा. तिथे औषध लागलं तर ते घेण्यात कमीपणा नाही.

सगळ्यांना अलकापुरीतली फी परवडत नाही. सयाजी हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. त्या रुग्णालयाच्या नावाची भीती बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, ती आता टाकून द्यायला हवी. खासगीत जायचं असेल तर एक तपासून घ्या : ‘काउन्सेलर’ अशी पाटी कुणीही लावू शकतं, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. आणि शाळेलाही विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे निर्देश दिले आहेत. नातवाच्या बाबांना काही करायचं असेल तर पुढच्या पालकसभेत एवढा एक प्रश्न उभं राहून विचारावा.

तुमच्यासाठी एकच गोष्ट. बुधवारी तो परत आला की ‘काय बोललास?’ असं विचारू नका. तिथे तो उघडा होऊन बसलेला असतो, घरी येईपर्यंत नुकता कुठे पांघरूण घेतो. त्याला खायला द्या. शेजारी बसून तुमच्या भुईमुगाच्या शेंगा सोलत राहा. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, तेव्हा पहिली दोन मिनिटं उपाय सुचवू नका. तुम्ही त्याला अंगाखांद्यावर वाढवलं आहे, ते वाया गेलेलं नाही. दर बुधवारी पाच वाजता तिथे जाऊन बसण्याचं बळ त्यानं कुठून आणलं असं तुम्हाला वाटतं?

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे, मांजलपूरला राहते. तुमचा कॉलम आई वाचते, म्हणून नाव लिहीत नाही. काउन्सेलरला सांगितलेलं सगळं ते घरी सांगतात का? आणि घरी न सांगता जाता येतं का?

उत्तर : सगळं सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांबाबतच्या माहितीची गुप्तता हा तुझा हक्क मानला आहे. अपवाद थोडे आहेत आणि चांगली काउन्सेलर ते पहिल्याच भेटीत तुझ्यासमोर स्पष्ट सांगते : तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्याकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल तर. या शेवटच्या बाबतीत कळवणं त्यांना कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि ते तुझ्या बाजूनं आहे. मैत्री, भांडणं, कुणी आवडणं, आईबद्दलचा राग हे तिथेच राहतं. पहिल्या भेटीत तिनं हे सांगितलं नाही तर तू विचार.

तू अठराच्या आत आहेस, म्हणून नियमित उपचार सुरू करताना बहुतेक ठिकाणी पालकांची संमती मागतात. पण सुरुवात त्याशिवाय होऊ शकते. शाळेत समुपदेशक असेल तर तिच्याकडे जा. आईला सांगणं अवघड वाटत असेल तर मावशी, आत्या, एखाद्या शिक्षिका, जिचा चेहरा तुला जपावा लागत नाही अशी कुणीतरी निवड आणि तिला आईशी बोलायला सांग.

आणि कधी जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, किंवा तसं काही आधी घडून गेलं असेल आणि पोलिसांच्या भीतीनं घरात दडवलं गेलं असेल, तर हे माहीत असू दे : २०१७ च्या त्याच कायद्याप्रमाणे असं करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं, तिच्यावर खटला भरायचा नसतो, आणि तिची काळजी घेणं, तिच्यावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही, भाषा निवडता येते. नंबर १४४१६. तो कशासाठीही लाव, अगदी नेमकं काय होतंय ते सांगता येत नसलं तरी. आज रात्री लावलास तरी चालेल.